लोड किती हाय?

गेल्या साली माझ्या छातीत कळ आली म्हणून मला दवाखान्यात नेलं. अंगाला वायरी लावल्या, उशाशी एक मशीन टिकटिक करत होतं, घरचे रडकुंडीला आले होते. तेवढ्यात बबन वायरमन भेटायला आला. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ मशीनच्या मागं वाकला, प्लग हलवून बघितला आणि नर्सबाईंना म्हणाला, "ताई, याचा लोड किती हाय? आन् अर्थिंग दिलंय का?"

मी म्हणालो, "अरे, मी मरतोय हितं."

तो म्हणाला, "तू न्हाई मरत. प्लग ढिला हाय, त्याचं बघू दे आदी."

तर असा हा बबन. आम्ही दोघं निरगुडसरचे, एका वयाचे. शाळेत एका बाकावर बसलो. मी चौथीत शाळा सोडली. खरं सांगायचं तर शाळेनं मला सोडलं, पण ते एकच. मला जे कळतं ते कळतं, आणि एकदा बोललो की मी मागं घेत नाही. घरचे त्याला हट्ट म्हणतात. मी त्याला स्वभाव म्हणतो. बबन मात्र शिकला, आयटीआय केली आणि लाईटच्या खात्यात वायरमन लागला. रिटायर होईपर्यंत तो खांबावरच राहिला म्हटलं तरी चालेल.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण मान अजून खाली आली नाही. रस्त्यानं चालताना हा माणूस जमिनीकडं बघतच नाही, वर तारांकडं बघतो. त्यामुळं गावातलं एकही गटार असं नाही की ज्यात त्याचा पाय गेला नाही. लोक खिशाला पेन लावतात, हा टेस्टर लावतो. स्वतःच्या पोरीच्या लग्नात फुलं टाकायच्या आधी यानं मांडवाच्या प्रत्येक लोखंडी खांबाला टेस्टर लावून बघितला. भन्तेजी हातात सुत्तपठणाचं पुस्तक घेऊन थांबले होते. शेवटी तेच म्हणाले, "वायरमन, झालं का? सुरू करू का?" हा म्हणाला, "करा. आता कुनी मरत न्हाई."

माणसंसुद्धा तो लाईटच्या हिशोबानं ओळखतो. गरीब, मुकाट माणूस असला की "सिंगल फेज हाय बिचारा." मला एकदा म्हणाला, "कोंड्या, तू थ्री फेज माणूस. पन तुला न्यूट्रल न्हाई." मला वाटलं कौतुक केलं. दोन दिवस मी छाती काढून फिरलो. मग मोटार बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारलं, तर तो हसत म्हणाला, "काका, न्यूट्रल सुटला की घरातली बारीक बारीक उपकरणं जळत्यात." त्यानंतर महिनाभर मी बबनशी बोललो नाही.

त्याची आणखी एक गोष्ट म्हणजे ती लाल पुठ्ठ्याची वही. खात्यात असताना तक्रारी लिहायला ठेवायचा तशीच. वेळ, फॉल्ट, कारण, उपाय असे चार रकाने. रिटायर झाल्यावरही सुटली नाही. घरातला नळ गळला तरी वहीत लिहिणार. त्याची बायको शेवंता जिवंत असताना एकदा रुसून माहेरी गेली होती, तेव्हाचं पान मी डोळ्यानं बघितलंय. फॉल्ट: शेवंता गेली. कारण: मी. उपाय: जाऊन आणणे.

शेवंता खरीच गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. बबन घरात एकटा. पोरगी सुजाता पुण्याला कंपनीत आहे. तिनं बापाला करमावं म्हणून एक मोठा कॉम्प्युटर आणून बसवला. तिला वाटलं म्हातारा सिनेमे बघेल, गाणी ऐकेल. म्हातारा तीन महिने मोबाईलवर हिंदी व्हिडिओ लावून काहीतरी शिकत बसला. त्यातला माणूस "तो दोस्तों" म्हणाला की हा मोठ्यानं "बोला" म्हणायचा.

आणि मग एक दिवस मला हाक मारून त्यानं पडदा दाखवला. मी बघतच राहिलो. आमचा सगळा मुलूख त्या पडद्यावर उभा होता. डोंगर, ओढे, डिंभे धरणाचं पाणी. चित्र नव्हे, उंच-सखल, माऊस फिरवला की फिरणारा मुलूख. आणि त्यात खांब. निरगुडसरच्या चावडीपासून निघालेली लाईन, शेतातून, वाड्यावस्त्यांवरून, पार वर डोंगरातल्या आहुप्यापर्यंत जायची होती. प्रत्येक खांब यानं डोक्यातून आठवून रोवलेला. कुठला लोखंडी, कुठला सिमेंटचा, कुठला थोडा कललेला, तोही तसाच कललेला.

"हे कशाला रं?" मी विचारलं.

"ऑफिसातली नवी पोरं फॉल्ट झाला की मला फोन करत्यात. बबनकाका, ही तार कुटनं आली? म्हनलं, एकदाचं सगळं रोवून दिऊ. मी काय कायमचा हाय का?"

मला त्या वेळी ते नेहमीचं बोलणं वाटलं. आमच्या वयाचे सगळेच असं बोलतात.

रोज सकाळी चहा घेऊन मी त्याच्याकडं जाऊन बसू लागलो. त्याचाच हुकूम होता. "तू हितं बस. बोलत बस. काय बी बोल." मला वाटलं, माझ्या बोलण्याला किंमत आहे म्हणून. आणि त्याचे खांब चुकत होते हेही खरं. मी चूक काढायचो, तो भडकायचा, मी चढायचो, आणि भांडता भांडता दहा-पंधरा खांब रोवून व्हायचे.

पण कॉम्प्युटरला रोग लागला. मधेच चित्र जागच्या जागी थिजायचं. माऊस हलेना, बटण चालेना. आतले पंखे मात्र घरघर करत राहायचे. शेवटी मोठं बटण दाबून बंद करायचा, आणि परत चालू केला की मधले खांब गायब. बबन कुणी गेल्यासारखा तोंड पाडून सांगायचा, "आज सतरा गेले." मी पण सवयीनं विचारायचो, "कसं काय?"

वायरमनला लाईटीचा रोग कळू नये म्हणजे काय. त्यानं पहिल्यांदा स्टॅबिलायझर लावला. फरक नाही. मग अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात मीठ-कोळसा भरला, आठवडाभर त्यात सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं. खड्ड्याशेजारची मिरची जळाली, कॉम्प्युटर तसाच. मग पेटी उघडून आतली धूळ काढली, प्रत्येक वायर हलवून बघितली. आत एक जाडजूड पाटी होती, दोन पंख्यांची. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, पडद्यावरचं चित्र तीच काढते. नारायणगावच्या दुकानदारानं सांगितलं, कार्ड बदला. बबन म्हणाला, "फॉल्ट सापडल्याबिगर सामान बदलनारा वायरमन न्हाई, चोर हाय." आणि पेटी उचलून घरी आणली.

सुजातानं कुठं कुठं वाचून शोधून काढलं आणि फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी होतो. बापाला ती दादा म्हणते.

"दादा, त्या कार्डात डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंट असतं. काम कमी झालं की कार्ड आपोआप आपला वेग उतरवतं, व्होल्टेज कमी घेतं. काम आलं की परत चढतं. तुमचं त्या चढ-उतारात अडकत असावं. भर कामात अडकतं, की तुम्ही थांबल्यावर?"

बबननं वही उघडली. मी अक्षरावर बोट ठेवून वाचत गेलो. चहा पीत होतो, बंद पडला. कोंडिबाशी वाद चालू होता, बंद पडला. खांब आठवत होतो, बंद पडला. खांब आठवत होतो. खांब आठवत होतो. काम चालू असताना एकदाही नाही.

बबनचा चेहरा कुणीतरी घराण्याला नाव ठेवावं तसा झाला. "सुजा, माझी सगळी नोकरी ह्यातच गेली. फ्यूज उडतो तो लोड आल्यावर. लोड गेल्यावर मरनारी वस्तू मी पयल्यांदा बघतोय."

"असू शकतं दादा. त्याला सतत थोडा लोड राहील असं करून बघा, मग कळेल."

एवढं ऐकून यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर लांबूनच याच्या घरातून उजेड बाहेर सांडत होता, भर उन्हात. कॉम्प्युटरचा प्लग होता त्या भिंतीवरच्या बोर्डालाच यानं शंभर शंभरचे आठ जुने बल्ब जोडले होते, एका फळीवर ओळीनं. खोलीत उभं राहवेना. शेजारच्या घरातली कोंबडीची पिल्लं ऊब बघून आत आली होती आणि फळीखाली दाटीवाटीनं बसली होती.

"हे काय रं, बबन्या?"

"लोड. आठशे वॉट."

कॉम्प्युटर अकराच्या सुमारास थिजला. पिल्लं मात्र खुश होती.

सुजाताला फोन केला तर ती हसून हसून खोकायला लागली. "दादा, लोड बोर्डाला नाही द्यायचा. कार्डाला द्यायचा."

"म्हंजे कसा?" बबन म्हणाला. आणि इथं मी मधे पडलो. कारण ते डायनॅमिक मला केव्हाच कळलं होतं.

"म्हंजे सायकलचा डायनामो," मी म्हणालो. "मी राजुरीला बहिणीकडं जायचो सायकलनं. पायडल मारलं की दिवा मोठा, चढावर थांबलो की दिवा बारीक. तुझ्या कार्डाचं तेच चाललंय. सायकल उलटी उभी कर आन् चाक फिरवत ठिव. दिवा बारीक व्हनारच न्हाई."

बबन माझ्याकडं बघत राहिला. एवढा वेळ तो माझ्याकडं कधी बघत नाही. मग म्हणाला, "कोंड्या, तू बरोबर कायच बोलला न्हाईस. पन कामाचं बोललास."

आणि त्यानं काय केलं, तर त्या पडद्यावरच्या मुलखात, एका कोपऱ्यात, आमच्या चावडीच्या वर, एक भला मोठा पंखा उभा केला. तीन पात्यांचा. आणि तो गरागरा फिरवत ठेवला. आपण चहा प्या, भांडा, काहीही करा, पंखा फिरतोय. कार्ड बिचारं तो पंखा काढत बसलं, त्याला वेग उतरवायला सवडच मिळेना. त्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशीही. बबननं वहीत उपायाच्या रकान्यात लिहिलं: पंखा. मी म्हणालो, माझं नाव लिही. तो म्हणाला, "वहीत मान्सांची नावं फॉल्टच्या रकान्यात येत्यात. लिवू का?"

पुढच्या रविवारी सुजाता आली. तिनं आत काहीतरी लिहून कार्डाचा तो चढ-उतारच बंद करून टाकला. एकाच वरच्या वेगावर बांधून ठेवलं. म्हणाली, "आता पंखा काढा, आठ दिवस नुसतं चालवा. एकदाही हँग झालं नाही, तर रोग हाच होता असं धरायचं. नाहीतर पंख्यानं बरं वाटतंय की सेटिंगनं, ते कळणार नाही." बापाची पोर. फॉल्ट सापडल्याशिवाय सोडत नाही. कार्ड आता जरा तापतं. बबन त्याला हात लावून म्हणाला, "घाम येतोय. म्हंजे कामावर हाय."

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमचं वाजलं.

लाईन आहुप्याला पोचली होती. आता आहुप्याची लाईन म्हणजे माझ्या खांद्यावरून गेलेली लाईन. आम्ही तरुण होतो तेव्हाची गोष्ट. त्या साली मी मजुरीवर होतो, बबन नवा वायरमन. वर गाडी जात नव्हती. एका लोखंडी खांबाला आठ जण, अशी आम्ही चढणीनं ओझी नेली. वर देवराई आहे, देवाचं रान. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी उचलत नाही. साहेबानं नकाशात लाईन सरळ रानातून काढली होती. गावातली म्हातारी माणसं आडवी उभी राहिली. म्हणाली, "तार वळवा. रान वळनार न्हाई." तार वळवली. त्यासाठी जादा खांब लागले, आणि ते आम्ही खालून परत वाहून नेले.

बबननं पडद्यावर त्या वळणाला दोन खांब रोवले.

"तीन," मी म्हणालो.

"दोन."

"माझ्या खांद्याला इचार. तीन."

"तुझ्या खांद्याला काय कळतंय? मी लाईन वढली."

"आन् मी खांब वढले. वर बसून पक्कड मारनाऱ्याला खालचं काय दिसनार?"

तेव्हा तो बोलू नये ते बोलला. म्हणाला, "चौथी नापासाला आकडं कुटं येत्यात."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो. दारात थांबून म्हणालो, "तुझ्या दारात परत पाय ठिवला तर नावाचा कोंडिबा न्हाई." आणि मी एकदा बोललो की मागं घेत नाही, हे वर सांगितलंच आहे.

मी गेलो नाही. त्याच्या घरावरून जायचं टाळायला शेताला लांबच्या वाटेनं जाऊ लागलो. गुडघे दुखले, पण गेलो नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या मोबाईलवर सुजाताचा फोन.

"काका, दादांना विचारलं मशीन किती वेळा हँग झालं, तर नीट सांगतच नाहीत. बोलता बोलता मधेच थांबतात. तुम्ही असताच ना तिथं रोज? वही बघून मला सांगाल का?"

मी म्हणालो, "सांगतो की." आता पोरीला काय सांगणार, की मी बापावर रुसलोय म्हणून? पाय ठेवणार नाही म्हणालो होतो. पण वही बघायला जाणं म्हणजे काही पाय ठेवणं नव्हे. ते सुजाताचं काम होतं.

गेलो तेव्हा बबन मागच्या अंगणात शेवंतानं लावलेल्या जास्वंदाला पाणी घालत होता. त्यानं मला बघितलं नाही. आत कॉम्प्युटर चालू होता. चित्र जिवंत होतं, कार्डाचे पंखे चालू होते, सगळं ठीक. मी वही उघडली आणि अक्षर लावत लावत वाचू लागलो.

सोमवार. कोंडिबा आला. भांडण झालं. खांब सव्वीस. मशीनला फॉल्ट नाही.

मंगळवार. कोंडिबा आला नाही. खांब चार. मशीनला फॉल्ट नाही. मीच मधे अडकलो.

बुधवार. कोंडिबा आला नाही. खांब एक. पिंपळाजवळचा की ओढ्याजवळचा ते उमजेना. मशीनला फॉल्ट नाही.

गुरुवार. खांब नाही. शेवंताच्या माहेरची लाईन कुठून फुटते ते आठवत नाही. ती मीच ओढली. बसलो की पुढचं येत नाही. डॉक्टर म्हणाले तसं होतंय. सुजाला सांगायचं नाही. फॉल्ट: मी. कारण: लोड नाही. उपाय: कोंड्याचं म्हणणं मान्य करणे. तीन खांब.

मी ते पान दोनदा वाचलं. वाचायला मला वेळ लागतो, म्हणून नव्हे.

मग मला ते सकाळचं "काय बी बोल" आठवलं. आणि मी चूक काढल्यावर त्याचं ते भडकणं, आणि भडकल्यावर पटापटा रोवले जाणारे खांब. मी आपला समजत होतो की याला माझी अक्कल हवी आहे. याला माझी अक्कल नको होती. मी त्याच्या चावडीवरचा पंखा होतो. कोपऱ्यात गरागरा फिरायचं, एवढंच माझं काम.

राग यायला हवा होता. आला नाही.

बबन आत आला. मला बघून दारात थांबला. हात पंचाला पुसले. माझ्या हातातली वही बघितली. खुर्चीवर बसला, माऊस धरला आणि पडद्यावर आहुप्याचं रान पुढं आणलं. मान खाली होती. त्याची मान खाली मी कधी बघितली नव्हती.

"कोंडिबा," तो हळू म्हणाला. मला तो कोंडिबा म्हणत नाही. "तू म्हनत व्हतास ते बरोबर असंल. तीन करतो."

आता माझं ऐका. मी जन्मात कधी शब्द मागं घेतला नाही. आणि तीनच होते, हे माझा खांदा आजही सांगतो. पण तो असा मुकाट माझं मान्य करायला लागला तर पुढची लाईन कशी ओढायची?

मी पाट ओढून त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "तीन न्हाई. मी घरी बसून इच्यार केला. चार व्हते."

बबनची मान वर आली.

"चार?"

"चार. चौथा जांभळीखाली. तू इसरलास."

"जांभळ? अरे तिथं जांभळ कुटली? तिथं हिरडा हाय, हिरडा. हिरड्याच्या अलीकडं एक, खडकावर एक, त्याला आपन रातभर... न्हाई, दिवसभर भोक पाडत बसलो, आन् तिसरा पानवठ्याच्या वर. तीन. चौथा कुटनं काढलास? झोपेत वाहिलास का?"

"चार," मी म्हणालो.

"लेका, तिथनं पुढं लाईन डावीकडं वळती, खाली शेवंताच्या माहेराकडं. तिथं चार कसं बसत्याल? हे बघ." आणि त्याचं बोट चालू झालं. खट, खट, खट. खांबामागून खांब, हिरड्यापासून उताराला, उतारावरून वस्तीकडं. एकेका खांबाला शिवी देत आणि मला दोन देत.

मी मधूनमधून "चार" म्हणत राहिलो.

पार शेवटच्या घरापर्यंत तार पोचली तेव्हा तो थांबला. दाराशी एक खांब रोवला, त्यावर दिवा लावला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "चहा टाकतो. तू बोलत ऱ्हा. सयपाकघरात ऐकू येतंय."